पाणी कुठे मुरतंय

आमच्या घरात गाडीच्या तीन वह्या आहेत. लाल कापडी पाठीच्या, आडव्या, सरकारी कचेरीत असायच्या तशा. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर नानांच्या ठाशीव अक्षरात ‘मारुती 800, पांढरी, 1997’ आणि खाली रकाने: तारीख, किलोमीटर, पेट्रोल, रुपये, सरासरी, शेरा. नाना, म्हणजे माझे वडील, ग्वाल्हेरच्या एजी (महालेखापाल) ऑफिसातून 2001 साली निवृत्त झाले. नोकरी सुटली, ऑडिट सुटलं नाही. घराच्या हिशेबाला आईने हात लावू दिला नाही, तेव्हा गाडी उरली.

शेऱ्याचा रकाना वाचायला मजा येते. ‘मुरैन्याहून येताना पंक्चर. गजक 2 किलो.’ ‘वायपर चोरीला.’ ‘बेबीने मागचा बंपर खांबाला लावला. खांब सुस्थितीत.’ बेबी म्हणजे मी. वय त्रेपन्न, शाळेत गणित शिकवते, आणि पाच वर्षांपूर्वी नानांनी स्टिअरिंग सोडल्यापासून घरातली एकटी ड्रायव्हर. वही मात्र त्यांनी सोडलेली नाही. पेट्रोल भरून आलं की पावती आणि किलोमीटरचा आकडा आधी त्यांच्यापुढे ठेवायचा, चहा नंतर.

2024 च्या दिवाळीनंतर, नोव्हेंबर संपता संपता, त्यांनी वही माझ्यापुढे उघडून ठेवली. सरासरीच्या रकान्यात लाल पेन्सिलीने गोल केलेले. सप्टेंबरात लिटरला 15.4, ऑक्टोबरात 14.1, नोव्हेंबरात 12.6.

“खर्च वाढला, काम तेवढंच,” नाना म्हणाले. “पाणी कुठेतरी मुरतंय, बेबी.”

मी म्हटलं कार्बोरेटर असेल. जुन्या 800 मध्ये काहीही झालं की कार्बोरेटरवर ढकलायची सोय आहे. चौकातल्या मुलाकडून तो उघडून धुतला, प्लग बदलले, एअर फिल्टर नवा घातला, चाकांत हवा मारली. ब्रेक धरून राहतायत का म्हणून गाडी चालवून आल्यावर चारी चाकांना हात लावून पाहिला, एकही तापलेलं नव्हतं. चौदाशे रुपये गेले. पुढच्या टाकीला सरासरी आली 12.4. नानांनी शेऱ्यात लिहिलं: ‘कार्बोरेटर निर्दोष.’

दुखणं इतके दिवस लपून राहिलं त्याचं कारण आमचा रोजचा रस्ता. आम्ही राहतो चिटणीस की गोठ नावाच्या मोहल्ल्यात. (मराठी आडनाव, हिंदी षष्ठी. आमचं इथलं सगळं असंच आहे.) तिथून बाडा, म्हणजे बाजाराचा मुख्य चौक, बाड्यावरून पुढे शाळा. या रस्त्यावर गाडी चालत नाही, सरकते. पुढे ई-रिक्षा, बाजूला ई-रिक्षा, मध्ये उभी गाय. पहिला, दुसरा, परत पहिला. इंजिनाला जोर लावायची वेळच येत नाही, आणि जोर लागल्याशिवाय हे दुखणं बोलत नाही. फक्त पडावच्या पुलावर तिसऱ्यात चढताना कधी कधी वाटायचं की आवाज जरा जास्त होतोय. 800 मध्ये इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा नसतो, जे काय आहे ते कानावर. मी काच वर करायचे आणि रेडिओ मोठा करायचे. दुखणं अंगावर काढणं म्हणतात ते हेच असणार.

डिसेंबरात तानसेन समारोह होता. शंभरावं वर्ष, म्हणून पुण्याहून आत्या, आत्तोबा आणि त्यांचा कॉलेजात जाणारा नातू मुद्दाम आले होते. रात्री गाणं, दिवसा नानांचा कार्यक्रम. पाहुणे आले की नानांचा कार्यक्रम ठरलेला असतो: किल्ला. उरवाई दरवाजाने गाडी वर न्यायची, मानमंदिर आणि सासबहूची देवळं दाखवायची, आणि मग पाहुण्यांना पूर्वेच्या पायवाटेने खाली सोडायचं, कारण त्या वाटेवर चतुर्भुजाचं छोटं देऊळ आहे आणि त्या देवळात शून्य आहे. इसवी सन 876 चा शिलालेख. बागेची लांबी 270 हात, देवाला रोज 50 माळा. त्या 270 मधलं आणि 50 मधलं शून्य अगदी आपण आज काढतो तसं, फक्त चणीने लहान. जन्मभर आकडे तपासलेल्या माणसाला ते देऊळ किल्ल्यापेक्षा मोठं वाटतं. आता गुडघ्यांमुळे त्यांना स्वतःला तिथे उतरवत नाही, पण पाठवणी करायला ते येतात.

तर आम्ही पाच जण. उरवाईचा रस्ता अरुंद आणि चांगलाच उभा आहे. दोन्ही अंगांच्या कड्यांत तोमरांच्या काळात, पंधराव्या शतकात कोरलेले तीर्थंकर उभे आहेत, काही तर कितीतरी पुरुष उंचीचे. मी दुसऱ्यात होते, गाडी मंदावली म्हणून पहिला टाकला, ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन किंचाळलं. गाडी जागच्या जागी. आणखी दाबला. आणखी किंचाळलं, आणि गाडी हलकेच मागे यायला लागली. मी हँडब्रेक ओढला. नातू उडी मारून उतरला आणि त्याने मागच्या चाकाखाली दगड लावला. पुण्याच्या मुलाला हे कोणी शिकवलं होतं देव जाणे. आत इस्त्री कपड्यावर विसरल्यासारखा जळका वास भरला.

“गाडी चढून नाही राहिली,” मी म्हटलं.

“चढत नाहीये,” मागून आत्याने दुरुस्ती केली. सत्तेचाळीस वर्षं पुण्यात काढल्यावर माणसाला अशा वेळीही हे सुचतं. “पेट्रोल संपलं का गं?”

नाना शेजारच्या सीटवर डोळे मिटून बसले होते. मला वाटलं घाबरले. ते ऐकत होते. “बेबी, इंजिन थकलं असतं तर आवाज बसला असता. हा चढतोय. तान तारसप्तकात आणि समेचा पत्ता नाही. इंजिनाकडून पूर्ण रक्कम निघते, चाकांपर्यंत पोचत नाही. मधला माणूस खातोय.”

गाडीची नाडी इतक्या सोप्या शब्दांत मला कोणी सांगितली नव्हती. ताकद कमी झाली की आवाजही खाली येतो: प्लग, पेट्रोल, कार्बोरेटर, जे काय असेल ते इंजिनाचं. आवाज वर आणि वेग जागेवर, तर इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधलं काही सुटतंय. मध्ये असतो क्लच.

बोनेट उघडून वीस मिनिटं थांबलो. आत्या, आत्तोबा आणि नातू पायी वर गेले. तिघांचं वजन उतरल्यावर आणि क्लच निवल्यावर गाडी मला आणि नानांना घेऊन पहिल्यात हळूहळू वर आली. हासुद्धा पुरावाच होता. क्लचची पकड पार गेलेली नव्हती, कमी झाली होती. जेवढं ओझं तिला पेलत होतं तेवढं ती पेलत होती, त्यावर एक माणूस बसला की घसरत होती.

शाळेत मी मुलांना क्लच असा सांगते. दोन तळव्यांमध्ये पापड धरा. एक तळवा म्हणजे फ्लायव्हील, इंजिनाबरोबर सतत फिरणारी लोखंडी चकती. दुसरा तळवा प्रेशर प्लेट, तिच्यात मोठी बशीसारखी स्प्रिंग, ती दाबत राहते. मधला पापड म्हणजे क्लच प्लेट, दोन्ही बाजूंना खरखरीत अस्तर लावलेली. तिच्या मधल्या दातेरी भोकात गिअरबॉक्सचा दांडा बसतो. तळवे दाबलेले असतील तर पापड त्यांच्याबरोबर फिरतो, चाकं फिरतात. पायाखालचं पेडल दाबलं की तळवे सुटतात, पापड मोकळा, गिअर बदला. आता पापड झिजून पातळ झाला, किंवा दाबणारा हात म्हातारा झाला, किंवा कोणी हात पुरता दाबूच दिला नाही, किंवा तळव्याला तेल लागलं, तर काय होईल? पापड घसरेल. मुलांना हे लगेच कळतं. भूक लागते हा एक तोटा.

घरी आल्यावर नानांनी अंगणातच परीक्षा घ्यायला लावली. हँडब्रेक पूर्ण वर, चाकांना विटा, समोर कोणी उभं नाही याची खात्री. गाडी सुरू, तिसरा गिअर, आणि थोडा ॲक्सिलरेटर देऊन क्लच सोडायचा. धडधाकट क्लच असेल तर इंजिन त्याच क्षणी आचका देऊन बंद पडतं. आमचं चालू राहिलं. घुरघुरत, थोडा वास सोडत, पण चालू. नानांनी एकदाच करू दिलं. “पुन्हा नको. पुरावा एकदाच घ्यायचा, नाहीतर पुरावाच जळतो.”

मग सगळ्यात स्वस्त कारण आधी. 800 चा क्लच तारेवर चालतो. पेडल दाबताना सुरुवातीला थोडं अंतर पाय हलका, पोकळ जायला हवा, आणि त्यानंतर जड लागायला हवा. हे मोकळं अंतर नसेल तर पाय न लावताही पेडल दाबल्यासारखंच असतं. रिलीज बेरिंग, म्हणजे पेडल दाबलं की स्प्रिंगला ढकलणारं कडं, सतत स्प्रिंगला टेकून राहतं आणि पकड अर्धवट. शिवाय गंमत अशी की अस्तर जसजसं झिजतं तसतसं हे मोकळं अंतर आपोआप कमी होत जातं. म्हणजे झीज स्वतःच स्वतःला वाढवते. गिअरबॉक्सच्या टोकाला तारेवरची नटबोल्टची जोडी फिरवून ते अंतर पुन्हा द्यायचं असतं, दहा मिनिटांचं काम. चौकातल्या मुलाने ते दिलं. पेडल छान मोकळं झालं. तिसऱ्या गिअरची परीक्षा पुन्हा घेतली (एकदाच). इंजिन पुन्हा चालू राहिलं.

तोवर गोठेत बातमी पसरली आणि सल्ले सुरू झाले. जानेवारीत मेळा लागला होता. ग्वाल्हेरचा मेळा 1905 पासूनचा, पण हल्ली लोक तिथे पाळण्यांसाठी कमी आणि गाड्यांसाठी जास्त जातात, आणि त्या वर्षी मेळ्यात गाडी घेतली की आरटीओचा कर निम्मा होता. शेजारचे काका रोज एक नवं पत्रक आणून द्यायचे. “अरे बेटा, सत्तावीस साल की हो गई. कितना खींचोगे?” खरं सांगायचं तर मीही दोनदा मेळ्यात जाऊन एका गाडीच्या स्टिअरिंगवर हात ठेवून आले. नानांना सांगितलं नाही. 2022 मध्ये नोंदणी वाढवताना पाच हजार भरले होते तेव्हा त्यांनी शेऱ्यात लिहिलं होतं, ‘शुल्क वाजवी. गाडी त्याहून वाजवी.’

आणि मग नाना म्हणाले, “जून 2023 चं पान काढ.”

ते पान माझ्या अक्षरात आहे. नानांचं तेव्हा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, महिनाभर वही माझ्याकडे होती. ‘क्लच प्लेट बदलली. रु. 3,200.’ शेऱ्याचा रकाना रिकामा.

“दीड वर्षात प्लेट जाते? जुनी कुठे आहे?”

नानांचा नियम आहे, गाडीचा काढलेला प्रत्येक भाग घरी आणायचा. माळ्यावर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात अठ्ठावीस प्लग, पाच पॉइंट, फॅन बेल्टचे तुकडे आणि एक फुटका रबरी पाइप आहे. त्यात क्लच प्लेट नाही. मी मागितलीच नव्हती. संध्याकाळी गेले, गाडी तयार होती, बिल भरलं, आले. त्या गॅरेजवाल्याने काय काढलं, ते कसं दिसत होतं, का गेलं, यातला एकही प्रश्न मी विचारला नाही. वर्गात मात्र उत्तर बरोबर असलं तरी पायऱ्या न दाखवणाऱ्या मुलाचे मी दोन गुण कापते.

गाडी या वेळी बहोडापूरच्या बाजूला एका म्हाताऱ्या उस्तादांकडे नेली. त्यांनी आधी काही उघडलं नाही. गाडीखाली एक पुठ्ठा सरकवला आणि आम्हाला चहा पाजला. तासाभराने पुठ्ठ्यावर इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात त्याच्या बरोबर खाली दोन थेंब होते. उस्तादांनी एक बोटावर घेतला, अंगठ्याने चोळला, हुंगला. गिअरचं तेल जाड असतं आणि त्याला कुजक्या गंधकासारखा वास येतो. हे पातळ, काळं, जळक्या वासाचं. “इंजन का है, बाऊजी. पीछे की सील.” नानांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून रजा घेऊन तिथे बसले. धुकं इतकं होतं की समोरचा ट्रक दिसत नव्हता. बॅटरी, तारा, मग गिअरबॉक्सचं तेल, मग दोन्ही चाकांकडे जाणारे दांडे, मग एकेक बोल्ट, आणि शेवटी खाली जॅक लावून गिअरबॉक्स हलकेच बाजूला घेतला. उस्ताद आणि त्यांचा पोरगा दोघं मिळून अगदी बाळंतिणीच्या खोलीत वागावं तसं वागत होते. आत टॉर्च मारला. घंटेसारख्या त्या कवचाच्या आतून चौफेर काळा, ओलसर लेप. फ्लायव्हील फिरताना तेल उडवतं, त्यामुळे एक थेंब पुष्कळ लांब जातो.

प्लेट हातात घेतली. मला वाटलं होतं, अस्तर झिजून रिबिटं वर आली असतील. अस्तर जवळजवळ पूर्ण शिल्लक होतं! फक्त आरशासारखं चकचकीत काळं झालेलं. झिजून मेली नव्हती, बुडून मेली होती. फ्लायव्हीलवर आणि प्रेशर प्लेटवर निळसर जांभळे चट्टे, उरवाईच्या चढाचे. आणि सील म्हणजे इंजिनाचं तेल अडवणारं, करंगळीएवढ्या जाडीचं रबरी कडं, वयाने इतकं कडक झालेलं की उस्तादांनी वाकवताच तडकलं. किंमत दीडशे रुपये. जून 2023 मध्ये हीच सील ओलसर असणार, आणि गिअरबॉक्स उतरलेला असताना आतलं तेल दिसलं नसेल असं होत नाही. ज्याने पाहिलं त्याने पुसलं, नवी प्लेट त्याच तेलाखाली बसवली आणि बिल केलं. माझा राग त्याच्यावर होता, पण त्याला विचारणारं समोर कोणी नव्हतं तेव्हा.

पोरगा कॉम्प्रेसरचा पाइप घेऊन आतला कचरा उडवायला निघाला, तेव्हा मी ओरडलेच. जुन्या अस्तरांमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ती धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही. या अस्तरात होतं की नव्हतं मला माहीत नाही, पण ते शोधायची जागा पोराचं नाक नव्हे. उस्ताद हसले, पण ओल्या फडक्याने पुसायला लावलं.

फ्लायव्हील लेथवर तासून आणलं. सील नवी. प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेरिंगचा पूर्ण संच, कारण उतरवण्याची मजुरी एकदाच द्यायची तर आत अर्धं जुनं ठेवण्यात अर्थ नाही. बसवताना प्लेटची स्प्रिंगांची फुगीर बाजू गिअरबॉक्सकडे. मधोमध बसावी म्हणून उस्तादांनी कुठल्याशा भंगार गिअरबॉक्सचा दांडा त्या दातेरी भोकातून आरपार घातला, आणि मगच प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे, आळीपाळीने आवळले. एकाच बाजूने आवळत गेलं तर प्रेशर प्लेट वाकते. गिअरबॉक्स पहिल्या धक्क्यात आत गेला. उस्तादांनी ‘देखा?’ अशा नजरेने पाहिलं, आणि मी खरंच टाळी वाजवली.

मग त्यांनी जुनं रिलीज बेरिंग माझ्या हातात दिलं. फिरवलं तर वाळू भरल्यासारखं करकरत होतं. “दीदी, चलाते समय बायाँ पैर कहाँ रखती हो?”

“नीचे,” मी म्हटलं.

नाना खोकले. पेडलचं रबर डाव्या कोपऱ्यात गुळगुळीत झालेलं सगळ्यांना दिसत होतं. बाड्याच्या गर्दीत माझा पाय क्लचवर टेकलेला असतो, दाबलेला नाही, नुसता ठेवलेला. तेवढ्यानेही बेरिंग सतत फिरतं आणि स्प्रिंगचा जोर थोडा चोरला जातो. ही सवय मला लागली नानांकडून, त्यांच्या शेजारी बसून शिकताना. आजही शेजारच्या सीटवर बसले की त्यांचा डावा पाय रिकाम्या गालिच्यावर तसाच अर्धवट उचललेला असतो. मी त्यांच्या पायाकडे पाहिलं. त्यांनी धुक्याकडे पाहिलं.

एकूण साडेपाच हजार. पहिले काही शे किलोमीटर जपून, चढावर जोर नको, अस्तर बसू द्यायचं. फेब्रुवारीत, मेळा संपत आला तेव्हा, आम्ही उरवाईने वर गेलो. मी, नाना, आई आणि शेजारचे काका-काकू, म्हणजे पाचच. जिथे किंचाळली होती तिथे या वेळी दुसऱ्याच गिअरमध्ये आवाज खाली बसला, गाडीने जोर लावला आणि आम्ही वर. त्या टाकीची सरासरी 15.1.

जुनी प्लेट या वेळी मागून घेतली. बिस्किटांच्या डब्यात मावेना. नाना म्हणाले, पेपरवेट होईल. त्यांनी ती रॉकेलने धुतली, मग पेट्रोलने, मग साबणाने, आणि उन्हात वाळवून वह्यांवर ठेवली. सकाळी तिसऱ्या वहीच्या पुठ्ठ्यावर तेलाचं एक पूर्ण वर्तुळ उमटलेलं होतं. त्यांनी ती पुन्हा धुतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा वर्तुळ, थोडं फिकट. आता ते रोज तिच्याखाली वर्तमानपत्राचा नवा तुकडा ठेवतात, आणि संध्याकाळी तो उजेडाकडे धरून बघतात.